दुःख नाही, आनंदही नाही. याला म्हणायचं तरी काय?

पाचचा_गजर
सोमवार, रात्री ११:४२

सहा-सात वर्षं इथे नुसता वाचतोय. आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या. रडगाणं वाटेल कदाचित. पण रडगाणं असतं तर बरं झालं असतं. रडू येत नाही हीच तर अडचण आहे.

वय ४७, नाशिक. नोकरी ठीक, घराचे हप्ते संपत आलेत, घरी बायको आणि मुलगी. वडिलांना पार्किन्सन होता. आई आधीच गेलेली, त्यामुळे शेवटची सहा वर्षं त्यांचं सगळं मीच बघितलं. ज्यांनी हे आजारपण जवळून पाहिलंय त्यांना माहीत असेल, गोळ्यांच्या वेळा हेच घराचं वेळापत्रक होतं. पहिली गोळी पहाटे पाचला, उपाशीपोटी. ती अर्धा तास चुकली की बाबा पलंगावर लाकडासारखे, मग पुढचा सगळा दिवस घसरत जायचा. मोबाईलवर पाचचा गजर तेव्हापासून आहे. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. गजर अजून वाजतो. मी उठतो, स्वयंपाकघरात जाऊन उभा राहतो आणि परत येऊन पडतो.

स्मशानात रडलो नाही. वाटलं, थकलोय, नंतर येईल. दहाव्याला नाही आलं, वर्षश्राद्धालाही नाही. नातेवाईक श्रावणबाळ म्हणतात; ते ऐकून ना बरं वाटतं ना वाईट. मुलीला हव्या त्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली, मीच पेढे वाटले, पण शेजारच्यांच्या मुलीचे वाटल्यासारखे. गेल्या आठवड्यात रंगपंचमीला मुद्दाम तिवंध्याच्या रहाडीवर गेलो. (नाशिकबाहेरच्यांसाठी: पेशवेकाळापासूनचे हौद आहेत. वर्षभर बुजवलेले असतात, रंगपंचमीला उघडतात आणि लोक रंगाच्या पाण्यात उड्या मारतात.) लहानपणी पहिला धप्पा मारायला बाबांनीच नेलं होतं. यंदा उडी मारली, वर आलो, गार वाटलं. बस. घरी येऊन अंघोळ केली.

जेवण जातं, ऑफिसात कामं उरकतात. मरावं वगैरे वाटत नाही, हे आधीच सांगतो म्हणजे कुणी घाबरायला नको. फक्त आत हाक मारली तर ओ येत नाही. बायको परवा म्हणाली, "तू घरात असतोस, पण आमच्यात नसतोस." हे वय आहे, आजार आहे, की माझा स्वभावच असा झालाय?

जिरेफोडणी
मंगळवार, सकाळी ७:१०

दादा, आधी रक्त तपासून घ्या. गंमत करत नाहीये. सासूबाई गेल्यावर मला वर्षभर असंच होत होतं. सगळे म्हणायचे, दुःख आहे, जाईल हळूहळू. आमटीत मीठ घातलं की नाही हे कळायचं, पण आमटी चांगली झाली की नाही याच्याशी काही देणंघेणंच उरलं नव्हतं. फॅमिली डॉक्टरांनी थायरॉईड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन बघायला लावलं. थायरॉईड मंदावलेलं निघालं, बी-१२ तळाला. (आम्ही पक्के शाकाहारी, त्यात मी दूधही घेत नाही.) गोळ्या आणि इंजेक्शनांनी दोन-तीन महिन्यांत निम्मं ओझं उतरलं. उरलेलं निम्मं मनाचंच होतं, ते वेगळं निस्तरावं लागलं. पण ते निस्तरायला अंगात जीव तर हवा ना.

तिरकस
मंगळवार, सकाळी ९:३५

हप्ते संपत आलेत, मुलगी चांगल्या कॉलेजात, वर रहाडीत उडी. आमच्या आज्याला असलं काही कधी झालं नाही, त्याला उद्याच्या भाकरीची चिंता होती. रिकामं वाटायला आधी रिकामा वेळ लागतो.

निळी_छत्री
मंगळवार, सकाळी ९:५८

@तिरकस, आज्याला झालं नव्हतं, की आज्याने सांगितलं नव्हतं? माझे आजोबा ओसरीवर तासन्‌तास भिंतीकडे तोंड करून बसायचे. घरात त्याला "त्यांचा स्वभावच तसा" एवढंच म्हणायचे. चाळीस वर्षं तसेच बसले. आणि सहा वर्षं बापाचं हगणंमुतणं काढणाऱ्या माणसाला रिकामा वेळ होता, हे तुम्हीच म्हणू जाणे.

कोरा_लेटरहेड
मंगळवार, दुपारी ३:२०

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, विदर्भात काम करतो. धाग्यावर निदान करता येत नाही आणि करूही नये, तरी काही गोष्टी लिहितो.

या अनुभवाला नाव आहे: ॲन्हेडोनिया, म्हणजे सुख लागणंच बंद होणं. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ थिओड्युल रिबो यांनी १८९६ मध्ये हा शब्द घडवला. नैराश्य म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे उशीत तोंड खुपसून रडणारा माणूस येतो. पण निदानासाठी दोन मुख्य लक्षणांपैकी एक पुरतं: दोन आठवडे सतत उदास वाटणं, किंवा कशातच रस न उरणं. बाकीची लक्षणं त्याच्या जोडीला बघतात. न रडणारं, कामं उरकणारं, वेळेवर ऑफिसला जाणारं नैराश्य भरपूर असतं, आणि ते आमच्यापर्यंत उशिरा पोहोचतं, कारण घरात कुणाचं काही अडत नाही.

धागाकर्त्यांसाठी एक जवळची गोष्ट. ज्या गोळीसाठी तुम्ही पाचला उठत होतात, त्यातला लेव्होडोपा मेंदूत जाऊन डोपामिन होतो. या डोपामिनला लोक आनंदाचं रसायन म्हणतात, ते अर्धवट आहे. केंट बेरिज या संशोधकाने उंदरांवर दाखवलंय की "हवंसं वाटणं" आणि "आवडणं" ही मेंदूतली दोन वेगळी खाती आहेत. डोपामिन जवळपास नाहीसं केलेल्या उंदराच्या तोंडात साखरपाणी घातलं तर तो मिटक्या मारतो. पण समोर ठेवलेल्या अन्नाकडे स्वतःहून जात नाही. म्हणून माझा प्रश्न असा: मिसळ खाल्ल्यावर चव लागत नाही, की मिसळ खायला जावंसंच वाटत नाही? बहुतेकांचं दुसरं आधी गेलेलं असतं, आणि ते परत आणायला वाव असतो.

दुसरी शक्यता शोकाची. शोक लांबतो तेव्हा तो रडण्याच्याच रूपात असतो असं नाही, भावना बधिर होणं हेही त्याचं एक लक्षण आहे. अमेरिकन निदानपुस्तिकेत २०२२ मध्ये लांबलेला शोक हे स्वतंत्र निदान आलं, मोठ्या माणसांसाठी बारा महिन्यांची अट घालून. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ती अट सहा महिन्यांची आहे. त्या निदानासाठी मेलेल्या माणसाची सततची ओढ किंवा सतत त्याचेच विचार असावे लागतात, नुसतं बधिरपण पुरत नाही. तुमचं दीड वर्ष झालंय, म्हणून हे डॉक्टरांना जरूर सांगा.

पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी मराठीतही आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर कुणाला तरी दाखवा. नवव्या प्रश्नाला (मेलेलं बरं, असं वाटण्याबद्दल आहे) शून्याशिवाय काहीही आलं तर एकूण बेरीज बघत बसू नका, लगेच बोला.

आणि हो, जिरेफोडणी यांचं शंभर टक्के बरोबर. थायरॉईड आणि बी-१२ बघितल्याशिवाय मीही पुढे जात नाही.

वाईकर_आजोबा
मंगळवार, संध्याकाळी ६:०५

चिरंजीव, माझं वय ७४. सौ. गेल्यावर मी विपश्यनेला जाऊन आलो. इगतपुरीचं धम्मगिरी तुम्हाला जवळ आहे. दहा दिवस मौन, फी नाही, नंतर इच्छेनुसार दान. घंटा पहाटे चारला होते, म्हणजे तुमचा गजर तासभर अलीकडे येईल इतकंच. मला पुष्कळ फरक पडला. औषधांच्या नादी लागण्यापेक्षा हे करून बघा.

कोरा_लेटरहेड
मंगळवार, रात्री ८:४०

आजोबा, तुम्हाला उपयोग झाला हे छानच. फक्त "औषधांच्या नादी" हा शब्द माझ्या पेशंटांच्या घरचे वाचत असतात हो. विपश्यनेच्या अर्जातच मानसिक आजार आणि चालू औषधांबद्दल विचारतात, ते उगाच नाही. ज्याला आत काहीच लागत नाही, त्याला दहा दिवस न बोलता आतच बघत बसणं जड जाऊ शकतं. आधी तपासणी करा. जायचंच असेल तर अर्ज खरा भरा.

खिडकीपाशी
बुधवार, रात्री १:१५

गजरकाका, तुमचं वाचून हेवा वाटला. खरंच. तुम्हाला "आधी असं नव्हतं" हे तरी माहीत आहे.

मी २६. मला आठवतंय तेव्हापासून छातीच्या मध्यभागी एक भोक आहे. शाळेत वाटायचं, सगळ्यांनाच असतं. दोन वर्षांपूर्वी बॉर्डरलाईन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (व्यक्तिमत्त्वाचा एक विकार) हे निदान झालं. त्याच्या नऊ निकषांत "सततचं रिकामपण" हा चक्क एक निकष आहे, ते वाचून मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून हसले होते. कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय!

माझं रिकामपण शांत नसतं. ते भरायला काहीही चालतं. रात्री दोनला ऑनलाईन खरेदी, जी परत करायलाही उठवत नाही. कुणाशी तरी कडाक्याचं भांडण, कारण भांडताना निदान मी आहे असं वाटतं. आणखीही काही करायचे, ते इथे लिहित नाही, कुणी लहान वाचत असेल. आता डीबीटीला (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) जाते, मार्शा लिनेहान यांनी काढलेली उपचाराची पद्धत आहे, गटात शिकवतात. त्यातलं मला सगळ्यात उपयोगी पडलेलं एकच सांगते. "काहीच वाटत नाहीये" असं आलं की तिथे थांबायचं नाही, शरीराला विचारायचं. जबडा? आवळलेला. पोट? खड्डा पडल्यासारखं. हात? गार. दहापैकी सात वेळा खाली कुठलीतरी भावना सापडते, बऱ्याचदा लाज किंवा राग. उरलेल्या तीन वेळा खरंच काही नसतं, तेव्हा मी भांडी घासते.

तुम्ही सहा वर्षांत बाबांवर एकदाही चिडला नाहीत?

निळी_छत्री
बुधवार, सकाळी १०:२२

एक बाजू राहिली म्हणून लिहितो. नैराश्याच्या काही गोळ्यांनीसुद्धा हे होतं. मी त्यातल्याच एसएसआरआय प्रकारच्या गोळ्या घेत होतो. चिंता गेली, छाती धडधडणं गेलं, पण त्याबरोबर गाणं ऐकून अंगावर येणारा काटाही गेला. वर्षभर मला वाटत होतं, मी आता समजूतदार झालोय! हा ठाऊक असलेला परिणाम आहे, डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी डोस कमी केला, मग औषध बदललं. त्याआधी मी शहाणपणा करून स्वतःच एका दिवसात बंद केल्या होत्या. चार दिवस चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं. तो प्रयोग करू नका.

एडिसनची_मावशी
बुधवार, संध्याकाळी ७:५०

न्यू जर्सीतून. मला हे रिकामपण दर वर्षी नोव्हेंबरात सुरू होतं, मार्चअखेर आपोआप सरतं. पंधरा वर्षं मी त्याला माहेरची आठवण समजत होते, कारण दिवाळीच्या मागोमाग यायचं. निघाला ऋतूंमुळे येणारा नैराश्याचा प्रकार, नॉर्मन रोझेन्थल यांनी १९८४ मध्ये वर्णन केलेला. आता हिवाळ्यात रोज सकाळी अर्धा तास १०,००० लक्स इतक्या लख्ख उजेडाच्या दिव्यासमोर चहा घेते. डॉक्टरांना विचारूनच, कारण ज्यांना बायपोलर आहे त्यांना त्याने उलट त्रास होऊ शकतो. नाशिकच्या उन्हात तुम्हाला हे लागू नाही, पण इकडचं कुणी वाचत असेल तर असू द्या.

पाचचा_गजर
पाच आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ६:३०

सगळ्यांचे आभार. मध्ये लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही करायचं ठरवलं होतं.

पीएचक्यू-९ भरली, १३ आले. बायकोला दाखवली. ती म्हणाली, मी भरली असती तर तुझे १८ केले असते. थायरॉईड ठीक, बी-१२ कमी, ते सुरू केलं. डॉक्टरांनी गोळी सुचवली. पण मध्यम पातळी आहे, आधी समुपदेशन करून बघता येईल असंही म्हणाले. मी ते निवडलं. चार वेळा जाऊन आलोय.

पहिल्या दिवशी त्या बाईंनी काहीच खोल वगैरे विचारलं नाही. एक वही दिली. दिवसाचा प्रत्येक तास, त्यापुढे काय केलं, आणि दोन रकाने: "मजा" आणि "जमलं", दोन्हींना दहापैकी गुण. पहिल्या आठवड्यात मजेच्या रकान्यात सगळी शून्यं आणि एकं. पण "जमलं"मध्ये मात्र सहा-सात होते! मुलीची सायकल दुरुस्त केली: मजा १, जमलं ७. म्हणजे मी समजत होतो तसं सगळं सपाट नव्हतं. मी म्हणालो, मन लागेल तेव्हा बाहेर पडेन. त्या म्हणाल्या, तुमच्याकडे त्याचीच दीड वर्षं वाट बघणं चाललंय. आधी वेळ ठरवा, मनाला मागून येऊ द्या. मग गोदाकाठी चालणं, शनिवारी मित्राकडे जाणं, पंधरा मिनिटं बासरी (कॉलेजात वाजवायचो, फुंकच लागत नाही आता). वाटो न वाटो, वहीत आहे म्हणून करायचं.

आता @खिडकीपाशी, तुझा प्रश्न. तो वाचून मी फोन उलटा ठेवला होता. तिसऱ्या वेळी तो प्रश्नच मी त्या बाईंना वाचून दाखवला. आणि मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते बोलून गेलो. बाबा पहाटे गेले. डॉक्टरांनी सांगितल्यावर माझ्या डोक्यात आलेला पहिला विचार हा होता की उद्या झोपता येईल. "सुटलो" हा शब्द तसाच्या तसा आला. बाबा सुटले नव्हे, मी सुटलो. पुढच्या मिनिटाला लोक येऊन मला श्रावणबाळ म्हणायला लागले. त्या शब्दासमोर रडणं ढोंग वाटलं असतं, आणि न रडणं तर चालूच होतं. मला वाटतं तेव्हाच आतून काहीतरी कडी लावून घेतली. चिडलो होतो का? अगं, खूप. एकदा गोळी थुंकली म्हणून हात उगारला होता. मारलं नाही. पण त्यांनी डोळे मिटून घेतले होते, ते मला दिसलं.

हे सांगून रडू आलं का? नाही. त्या दिवशी फक्त प्रचंड भूक लागली. आणि दुसऱ्या दिवशी सीबीएस बसस्टँडजवळ एका रिक्षावाल्याने आडवी घातली, त्याच्यावर मी असा काही ओरडलो की मागे बसलेली बायको हादरलीच. मग म्हणाली, "बऱ्याच दिवसांनी तुझा आवाज ऐकला." परत काही वाटायला लागलं तर आधी आनंद येईल असं वाटलं होतं, पहिली आली ती चीड. बाई म्हणाल्या, येऊ दे, ज्या दारातून चीड येते त्याच दारातून बाकीच्या भावनाही येतात. गेल्या रविवारी पहिल्या आंब्याला मजेत ४ दिले. ४ म्हणजे काही फार नाही, पण खाडाखोड न करता दिले.

कोरा_लेटरहेड
रविवार, सकाळी ११:०५

तुमच्या वहीच्या पद्धतीला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. १९७०च्या दशकात पीटर लुइनसन यांनी तिचा पाया घातला. १९९६ मध्ये नील जेकबसन यांच्या गटाने संपूर्ण विचार-वर्तन उपचार आणि त्यातला नुसता हा कृतीचा भाग यांची तुलना केली, तर नुसता भागही तितकाच कामाला आला. त्यामुळे "एवढंच?" असं वाटून वही सोडू नका.

"सुटलो"बद्दल. दीर्घ आजारपण काढलेल्या जवळपास प्रत्येक घरात हा शब्द कुणीतरी गिळलेला असतो. सुटका आणि प्रेम एकाच माणसाबद्दल एकाच क्षणी वाटू शकतं. मी माझ्या आईच्या वेळी अनुभवलंय, आणि मी या विषयाची पदवी घेतलेला माणूस.

तिरकस
रविवार, दुपारी १:४८

वरची माझी भाकरीची ओळ मागे घेतो असं म्हणणार नाही, पण अर्धी घेतो. आता कुणीतरी खर्चाचं बोला. आमच्या तालुक्यात समुपदेशक नाही. शहरात एका वेळचे हजार-दीड हजार, वर एसटीचं भाडं आणि बुडालेली रोजंदारी. नऊ प्रश्न फुकट आहेत, उत्तर फुकट आहे का?

कोरा_लेटरहेड
रविवार, दुपारी २:३०

रास्त प्रश्न. टेलिमानस, क्रमांक १४४१६. केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलतात. गरज वाटली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली बाह्यरुग्ण विभाग असतो. आपल्या जिल्ह्यातले वार आधी फोन करून विचारा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाहेरून दाखवून घरी जाता येतं, दाखल व्हावं लागत नाही. ठाण्याची आयपीएच ही संस्था (डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली) मराठीत पुष्कळ व्हिडिओ टाकते, ते एसटीत बसूनही बघता येतात. २०१७च्या कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो, पण बहुतेक पॉलिसी ओपीडीचे पैसे देत नाहीत, त्यामुळे तिथे तुमची तक्रार कायम राहते.

जिरेफोडणी
रविवार, दुपारी ४:१२

@पाचचा_गजर, दादा, गजर बंद केलात का?

पाचचा_गजर
रविवार, रात्री ९:२०

नाही. पावणेसहाचा केलाय. पाचला उठून करायचं काय, असं बाईंनी विचारलं, तर मला गोळीनंतरचा चहा आठवला. बाबा बशीतून घ्यायचे, हात थरथरायचे, निम्मा सांडायचा. आता उठून एक कप करतो. वहीत काल लिहिलंय: मजा २, जमलं ५. साखर जास्त झाली होती.

अर्धवट_खत
सोमवार, रात्री १२:५०

सगळा धागा एका दमात वाचला. वय २९. माझं कुणीही गेलेलं नाही, आजारपण नाही, तरी दोन वर्षं असंच आहे. वेगळा धागा काढू की इथेच लिहू?

खिडकीपाशी
सोमवार, रात्री १२:५४

इथेच लिही. जागी आहे.